या सगळ्या सुना आहेत

मी ब्लाउज शिवते. लालबागच्या चाळीत तळमजल्याला खिडकीपाशी माझं मशीन आहे, आणि गेली सव्वीस वर्षं आसपासच्या बायका तिथे येऊन हात वर करून उभ्या राहतात. कुणाचा खांदा उतरता आहे, कुणाची एक बाजू दुसरीपेक्षा भरलेली आहे, हे मला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. एवढं असून माझ्या अंगातली गाठ मला कळली नाही.

होळीनंतरची गोष्ट. नात्यातल्या एका लग्नासाठी मी स्वतःचा ब्लाउज शिवायला घेतला. माझं माप माझ्या हाताला पाठ आहे. शिवून घातला तर छातीचा आकार देणारा डाव्या बाजूचा टक्स बसेना. मी कापणीला दोष दिला, शिवण उसवली आणि पुन्हा घातली. तरी तिथे बारीक चुणी राहिली. दुसऱ्यांदा उसवली. दोन दिवस मी त्या टक्सशी भांडत होते. नवरा मोहन म्हणाला, "दुसऱ्यांचं बरं एका फटक्यात जमतं तुला." चिडून मी ब्लाउज अंगावर ठेवूनच चुणीवर बोट दाबलं. कापडाखाली काहीतरी कडक लागलं. बोरीच्या बीएवढं असेल. दुखत अजिबात नव्हतं, आणि तेच वाईट, हे मला नंतर कळलं.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या बायकांसाठी. आजाराची माहिती तुम्हाला मोबाइलवर हवी तेवढी मिळेल. मी सांगणार आहे ती माझ्याकडून झालेली एक चूक. ती तुमच्या घरातही झालेली असण्याची दाट शक्यता आहे.

*

रिपोर्ट आला त्या दिवशी परळच्या इस्पितळात आम्ही सकाळी आठपासून बसलो होतो. दुपारी आत बोलावलं. डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मग सांगितलं. मोहनने विचारलं, "फाइल बदलली तर नाही ना? बाहेर गर्दी फार आहे." त्यांनी न रागावता फाइलवरचं नाव आम्हाला वाचून दाखवलं. मी विचारलं, "हात चालेल ना?" माझ्याकडे सात ब्लाउज कापून पडले होते. त्यातले दोन तर साखरपुड्याचे.

बाहेर आल्यावर मोहन मला एका हॉटेलात घेऊन गेला. आम्ही चहा मागवला आणि दोघांनीही प्यायला नाही. "घरी कुणाला सांगायचं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "दादाला. पण प्राचीला नको."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, चिंचपोकळीला राहतो. प्राची त्याची मुलगी, पंचविशीतली. आम्हाला मूलबाळ नाही. वहिनी नोकरीला जायची, त्यामुळे प्राची लहानपणी दिवसभर माझ्या मशीनखालीच असायची, चिंध्यांत. तिचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. अर्थात तिला त्याच संध्याकाळी कळलं. आमच्या घरात गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी. ती आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या हातचाच ब्लाउज घालणारे मी लग्नात. लक्षात ठेव." मी हो म्हटलं. ती गेल्यावर खूप रडले.

*

आधी औषधं आणि मग ऑपरेशन असं ठरलं. पण त्याअगोदर मला एका वेगळ्या खोलीत पाठवलं. गाठ ज्या जातीची होती, त्यात घराण्यातली माहिती घ्यावी लागते म्हणे. तिथे शेरॉन नावाची मुलगी बसलेली. गिरगावातल्या जुन्या ख्रिश्चन वाडीतली, मराठी आमच्यासारखीच बोलणारी. तिच्यासमोर मोठा कोरा कागद होता.

"काकी, तुमच्या घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"कुणालाच नाही," मी ठासून सांगितलं. तिने बायकांची नावं विचारली, तशी मी घडाघडा सांगितली. आई, ऐंशीची होऊन गेली. थोरली काकू, धाकटी काकू, वहिनी, चुलतभावाची बायको. सगळ्या ठणठणीत. मला त्यात जरा अभिमानच वाटत होता. आमच्या घरच्या बायका म्हणजे दगडाच्या, असं काहीतरी मी म्हणालेसुद्धा.

शेरॉनने सगळी नावं लिहून घेतली. मग पेन खाली ठेवून हळूच म्हणाली, "काकी, आई सोडली तर या सगळ्या सुना आहेत. यांचं रक्त तुमच्यात नाही. या घरच्या लेकी कुठे आहेत?"

लेकी होत्या की. बाबांना तीन बहिणी होत्या. पण 'आपल्या घरच्या बायका' असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आमच्या चुलीपाशी बसणाऱ्याच येतात. आत्या म्हणजे दुसऱ्यांच्या घरच्या. लग्न झालं, नाव बदललं, आडनाव बदललं, त्यांचं दुखणंखुपणं तिकडचं. आणि मी स्वतःसुद्धा याच घरची लेक आहे हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"बाबांच्या बाजूनेही येतं का हे?" मी विचारलं. "हे तर बायकांचं दुखणं."

"बाबांना होत नसेल, पण बाबांकडून येऊ शकतं," ती म्हणाली. "लाज नका वाटून घेऊ. आमच्यातही तेच. आजीची बहीण कशाने गेली विचारलं, तर सगळे म्हणतात, देवाघरी गेली."

त्या दिवशी तिने मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत काही प्रथिनं पहाऱ्याला असतात. पेशी वाढताना, तिच्या दोन होताना काही बिघडलं, तर एक प्रथिन सांगतं, थांब. दुसरं येऊन दुरुस्ती करतं. आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेलं असेल तर पेशीला मरायला सांगितलं जातं. ती गपगुमान मरते. आपल्या अंगात रोज हे चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

"म्हणजे राखणदार," मी म्हटलं.

शेरॉनला राखणदार माहीत नव्हता. मालवणकडच्या आमच्या गावात वेशीवर तो असतो. कुणी पाहिलेला नाही, पण वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा. तो सीमेच्या आत वाईट येऊ देत नाही, अशी श्रद्धा. तिला ते फार आवडलं. म्हणाली, "प्रत्येकाला असे दोन राखणदार मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. काहींना जन्मतःच त्यातला एक अधू मिळतो. मग दुसऱ्या एकट्यावर सगळं. तोही बसला की बिघडलेली पेशी मरतच नाही, वाढत सुटते." हेही तिने स्पष्ट केलं की बहुतेक बायकांना हा आजार असा वारशाने आलेला नसतो. माझ्या बाबतीत काय ते रक्त तपासल्यावर कळेल.

मरायला हवं ते मरत नाही, म्हणून माणूस मरतं. घरी येताना माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

*

थोरली कुसुमआत्या मी सहावीत असताना वारली. पोटाच्या दुखण्याने गेली, असं घरात सांगायचे. मधली इंदूआत्या त्याआधीच गेलेली. तिचं तर कुणी नावही काढत नसे. धाकटी सुशीआत्या तेवढी आहे, ऐंशीच्या पुढे, गिरगावात मुलाकडे. मी तिला भेटायला गेले. तिने आधी माझा चेहरा पाहिला आणि मग दार लोटून घेतलं.

"कुसुमच्या छातीत गाठ होती गो," ती म्हणाली. "माका ठावक होता. कोणाक सांगशीत तर माजी आण, असा म्हणालेली. बापाशीन पोटाचा दुखणा म्हणान सगळ्यांका सांगल्यान."

"आणि इंदूआत्या?"

"तिचापण तसाच. आणि आमची आत्या, गंगा, तीपण." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "माका कसा नाय झाला, ह्याच माका वाटत रवता."

मला खरं वाटेना. घरी येऊन मी आईची मापांची वही काढली. आईसुद्धा ब्लाउज शिवायची, वही मी जपून ठेवली आहे. कुसुम हे नाव खोडलेलं होतं आणि वर शालिनी लिहिलं होतं. आईची ती पद्धत होती, गिऱ्हाइकाचं लग्न झालं की जुनं नाव खोडून सासरचं लिहायचं. खाली लांबी, कंबर, बाही, मुंढा. आणि छातीच्या मापापुढे आईच्या अक्षरात एक ओळ: डावी बाजू सपाट, कापूस घालणे.

मग मला आठवलं. तो कापूस पिंजून मीच दिला होता. "हा कशाला?" असं विचारल्यावर आई म्हणाली होती, "आत्याला तसंच आवडतं." मी वही मिटली. मला आईचा राग आला आणि तिची दयाही आली. तिने कुणाला सांगितलं नाही, पण वहीत खरं लिहून ठेवलं.

*

औषधांचे महिने सगळ्यांचे सारखेच जातात, म्हणून फार लिहीत नाही. फाइल घ्यायची, रांगेत बसायचं, शीर सापडेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. पहिलं लाल औषध. त्याने केस गेले, तोंडाची चव गेली, आणि मोहन शेंगदाणे भाजायचा त्याचा वाससुद्धा सहन होईना. पेज आणि लोणच्याचा खार एवढंच पोटात राहायचं. वरच्या मजल्यावरच्या भारतीने चार महिने रोज पेज आणून दिली आणि एकदाही माझ्या डोक्याकडे पाहिलं नाही. गणपतीत लालबागचे रस्ते बंद असताना मोहन मला मागच्या गल्ल्यांतून हात धरून चालवत न्यायचा. लग्नानंतर इतका वेळ हातात हात धरून आम्ही चाललो नव्हतो. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "बरी झालीस की पुन्हा बंद."

मधेच रक्ताचा रिपोर्ट आला. माझा एक राखणदार जन्मापासून अधू होता, दुरुस्ती करणारा. डॉक्टरबाईंनी त्याप्रमाणे पुढचं औषध बदललं. ते औषध पेशीचा आतला धागाच तोडतं. चांगल्या पेशी तो कसाबसा जोडून घेतात. गाठीतल्या पेशींकडे जोडणारा कुणी उरलेलाच नसतो, त्यामुळे त्या मरतात. ज्या उणिवेने गाठ वाढली, त्याच उणिवेने ती विरघळायला लागली. हे ऐकून मी कितीतरी दिवसांनी हसले.

पण शेरॉन हसली नाही. ती म्हणाली, "काकी, हे तुमच्या बाबांकडून आलंय असं दिसतंय. म्हणजे तुमच्या भावाकडे असण्याची शक्यता निम्मी. त्यांच्याकडे नसेल तर प्राची सुटली. असेल तर तिलाही तपासावं लागेल. आधी त्यांना आणा."

*

दादा वाईट माणूस नाही. माझ्या आजारात दर रविवारी मासे साफ करून आणून द्यायचा, मी खात नव्हते तरी. पण रक्त तपासण्याचा विषय काढल्यावर तो उखडला.

"मी पुरुष माणूस. माझं रक्त काढून काय बघणार? पत्रिका छापायला गेल्यात, रंजू. तिकडच्यांच्या कानावर गेलं तर काय सांगू?"

"खरं ते सांग."

"तुला सोपं आहे बोलायला."

मला सोपं नव्हतं. डोक्यावर केस नव्हते आणि मी त्याच्या दारात उभी होते. मी म्हटलं, "घराण्यात लेकींचा दोष आहे, हे गावभर सांगताना तुला लाज वाटत नाही. तो चालतो. रिपोर्ट तेवढा चालत नाही."

हे त्याला लागलं. त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पितृपक्षात दादाकडे म्हाळ असतो. गेलेल्यांची नावं कागदावरून वाचायची आणि पानं वाढायची. आजोबा, पणजोबा, बाबा, काका, त्यांच्या बायका. लेकींची नावं त्यात नसतात, त्यांचं सासरी होतं. पण शेवटी एक पान उंबऱ्याच्या बाहेर ठेवतात, बिननावाचं, वर हिरवा खण. कारण आजोबांच्या वेळी गावच्या देवळात कौल लागला होता की या घराला लेकींचा दोष आहे, लेकी तरण्या जातात. म्हणजे आमच्या माणसांनी बरोबर पाहिलं होतं. तीन पिढ्यांमागे कळलं होतं. फक्त पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून पान बाहेर ठेवलं.

आम्ही दोन आठवडे बोललो नाही. प्राचीला मी काही सांगितलं नव्हतं. तिच्या बापाच्या आधी तिला सांगणं मला बरोबर वाटेना, आणि न सांगता तिच्या तोंडाकडे बघणंही जमेना. ती रोज फोन करायची. मी आजाराचं निमित्त करून फोन ठेवायचे. त्या दिवसांत मला माझ्या मरणाची जेवढी भीती वाटली त्याहून जास्त तिच्यासाठी वाटली.

*

म्हाळाच्या दिवशी मी गेले. अंगात ताकद नव्हती, म्हणून मोहनने टॅक्सी केली. गिरगावातून सुशीआत्यालाही आणवलं होतं मी. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं झालं होतं. दादाने कागद काढून नावं वाचली. मग बिननावाचं पान उचलून तो उंबऱ्याकडे निघाला.

मी माझा कागद पुढे केला. "याच्यावरची वाच."

त्याने कागदावर नजर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. प्राची स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"वाच रे झिला," सुशीआत्या म्हणाली. "माजी आत्या आणि माज्या भयणी आसत त्या."

त्याने वाचलं. गंगा. इंदू. कुसुम. माहेरची नावं, ज्या नावांनी त्यांना कुणी चाळीस-पन्नास वर्षांत हाक मारली नव्हती. सुशीआत्या पदर तोंडाला लावून रडत होती. तीन नावांनंतर कागद कोरा होता. दादा त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि नंतर दाराकडे, प्राचीकडे. ते पान त्याने उंबऱ्याबाहेर नेलं नाही. बाकीच्या पानांच्या ओळीत आतच ठेवलं.

जेवणं झाल्यावर हात धुताना तो माझ्या शेजारी आला आणि नळाकडे बघतच म्हणाला, "रक्त उपाशीपोटी द्यायचं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "जेवून ये."

*

दसऱ्याच्या आसपास माझं ऑपरेशन झालं. गाठीच्या जागी जिवंत असं काही सापडलं नाही, डॉक्टरबाई स्वतः सांगायला आल्या. जखमेचं पाणी निघायला काखेत नळी आणि तिला लावलेली बाटली घेऊन बायका वॉर्डात फिरायच्या, कुणाची हातात, कुणाची कमरेला पिशवीत अडकवलेली. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते उरलेल्या खणांच्या लांब बंदाच्या पिशव्या शिवण्याचं, बाटली आत बसेल आणि पदराखाली दिसणार नाही अशा. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण मशीन पायावर चालतं. मोहनने त्या वॉर्डात नेऊन दिल्या.

दादाचा रिपोर्ट आला. त्याच्याकडेही होतं. शेरॉनने त्याला त्याच्या स्वतःच्या तपासण्याही लिहून दिल्या, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून हा सहा फुटी माणूस रडला. "मी दिलं गं तिला?"

"दादा, बाबांनी तुला दिलं तेव्हा त्यांना माहीत होतं का?"

प्राचीला त्याने स्वतः सांगितलं, आणि होणाऱ्या जावयाला तिने. मी तिथे नव्हते, त्यामुळे काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. रक्त द्यायला ती आली तेव्हा तो मुलगा बरोबर होता आणि तिची पर्स धरून उभा होता, एवढं मी पाहिलं.

तिचाही एक राखणदार अधू निघाला. मी मनातून शेवटपर्यंत नसू दे म्हणून प्रार्थना करत होते, ती फळाला आली नाही. मात्र तपासणीत तिच्या अंगात आज काही नाही. दर सहा महिन्यांनी तिला परळला जावं लागेल, पुढे आधीच ऑपरेशन करून घ्यायचं का, असे काही मोठे निर्णयही घ्यावे लागतील. कुसुमआत्याला ते घ्यायची संधी मिळाली नव्हती.

*

लग्नाच्या पंधरा दिवस आधी प्राची ब्लाउजच्या मापाला आली. डावा हात अजून नीट वर जात नसल्याने टेप तिनेच मागून धरली आणि आकडे मी वाचले. माझी मापांची वही उघडी होती. तिचं पान ती सात वर्षांची असल्यापासूनचं आहे, पहिल्या परकर-पोलक्यापासून.

"लग्नानंतर इथे माझं काय लिहिशील?" तिने विचारलं.

"तिकडचे नाव बदलणार आहेत का?"

"हो. त्यांच्या आजीने सुचवलंय. मला चालेल." ती वाकून वहीत बघत होती. आईच्या वहीतलं कुसुमआत्याचं पान मी तिला आधीच दाखवलं होतं. "पण आत्या, हे खोडू नकोस हां. उद्या कुणी शोधलं तर सापडायला हवं."

मी खोडलं नाही. त्याच्या खाली जागा सोडली आणि मापं लिहायला घेतली. लांबी, कंबर, बाही, मुंढा. मग छातीचा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे, आईने लिहिली होती त्याच जागी, एक ओळ लिहिली: दोन्ही बाजू सारख्या. जून महिन्यात पुन्हा बघणे.